दिवा लावायच्या आधी

— मान नाही हलवायची हो, नुसते डोळे. फ्रेम जड लागतेय, ठाऊक आहे मला, चाचणीची फ्रेम आहे ती, ती घालून कुणी फोटो काढत नाही. हां, आता बघा — पहिली काच स्पष्ट, की ही दुसरी? दोन्ही सारख्याच? लाजू नका, इथे नापास कुणी होत नाही. ते तुमच्या पिशवीतलं बाड बघितलं मी मघाशी, काउंटरवर ठेवलंत तेव्हा — सराव प्रश्नपत्रिकाच ना त्या? मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या? मला लांबूनच ओळखू येतात. मुलगा की मुलगी? मुलगा. पाचवीला. म्हणजे घरात टीव्ही बंद, पाहुण्यांना बंदी आणि नवराबायको कुजबुजत भांडतात, हो की नाही? हसलात! आमच्याकडे झालंय सगळं. थांबा, उजवा डोळा झाकतो. आता डाव्याने वाचा.

मुलीचा अभ्यास मी स्वतः घेतला. क्लासला नाही घातलं. म्हटलं, क्लासमध्ये साठ पोरं, आपल्याकडे कोण बघणार — आपण डोळ्यात तेल घालून घेऊ. इथेच, काउंटरच्या त्या टोकाला, तिथे स्टूल असायचं. तिच्या आईची दवाखान्यात नोकरी, कधी सकाळची पाळी कधी दुपारची, त्यामुळे पोर लहानपणापासून माझ्याकडे दुकानातच. मुळाक्षरं कुठे शिकली सांगू? या तक्त्यावर! बाकीच्या पोरांचा क कमळाचा, आमचीचं पहिलं अक्षर प, कारण ते सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं. मग र आणि ल. मग व, ट, न. चार वर्षांची होती तेव्हा गिऱ्हाइकांना मागून सांगायची, काका, ते ब नाही, व आहे. गिऱ्हाईक खूश व्हायचं, माझा नंबर चुकायचा. मोठी गोड होती हो. म्हणजे आहे, अजून आहे. अकरा वर्षांची आहे.

तर, दोन वर्षं अभ्यास. हुशार, म्हणजे बाप म्हणून सांगत नाही — गणितात तर मला मागे टाकायची. पण चुका कसल्या करायची? कच्च्या कागदावर उत्तर एकदम बरोबर आणि उत्तरपत्रिकेवर गोल रंगवलेला भलताच. तेविसाव्या प्रश्नाचं उत्तर चोविसाव्या ओळीत. ते गोल बघितलेत ना तुम्ही? शर्टाच्या बटणाच्या भोकाएवढे, एका ओळीत चार आणि अशा शंभर ओळी. ही मध्येच एक ओळ खाली घसरायची आणि मग पुढचं सगळंच घसरत जायचं. मी काय म्हणणार? धांदरट! डोळे कुठेत तुझे? — अस्सं म्हणायचो. डोळे कुठेत. चष्म्याच्या दुकानात उभं राहून. मग तिचं नावच पडलं, धांदू. प्रेमाने हो, आधी प्रेमानेच. धांदू, पाणी दे. धांदू, ओळ बघ. मग गिऱ्हाइकांसमोर, मग तिच्या मामासमोर. एकदा, एकदाच हां, पट्टी मारली बोटांवर. हलकीच. वळबिळ काही उठला नाही. म्हणजे उठला, पण संध्याकाळपर्यंत गेला. पहिली की दुसरी? दुसरी. बरं.

बायकोच्या लक्षात आलं होतं. ती म्हणाली, अहो, पोर वहीत नाक खुपसून लिहिते, जगाचे डोळे तपासता, एकदा हिचे बघा की. मी म्हटलं बघतो. मग गिऱ्हाईक असायचं. मग उद्या, मग परवा — परीक्षा तीन आठवड्यांवर आली. शेवटी एका रविवारी बसवली, याच खुर्चीत, पाय खाली पोचत नव्हते तिचे. हा असाच उजवा डोळा झाकला आणि तक्त्याच्या पेटीचा दिवा लावायला वळलो. आता त्या पेटीचं तुम्ही बघितलंत ना, आतला दिवा लागेपर्यंत समोर नुसती काळी काच असते, गरुड आणून बसवला तरी त्याला एक अक्षर दिसायचं नाही. आणि माझं बोट बटणापर्यंत पोचायच्या आधी हिने सुरू केलं. प. र ल. व ट न. खडाखडा पाचव्या ओळीपर्यंत गेली, आणि मग म्हणते, बरोबर ना बाबा?

मी म्हटलं, बरोबर. आणि मग दिवा लावला.

काय म्हणालात? नाही हो, फसलो नाही. म्हणजे आजवर मी असंच सांगत आलोय. मामाला तसंच सांगितलं, बायकोलाही तसंच — पोरीने तक्ता पाठ म्हणून दाखवला आणि बाप फसला. लोक हसतात, म्हणतात काय बिलंदर पोर आहे. तुम्हाला खरं का सांगतोय कुणास ठाऊक. तुमचा एक डोळा झाकलाय आणि दुसऱ्यापुढे चुकीची काच आहे, आत्ता तुम्हाला मी नीट दिसत नाहीये, म्हणून असेल. वीस वर्षं हे काम करतोय मी. माणूस दारातून आत येताना पायरी कशी चाचपतो त्यावरून मला नंबर सांगता येतो. आणि माझी पोर अंधारात वाचतेय ते मला कळलं नसेल? तिथल्या तिथे कळलं. दुसरा तक्ता मागे कपाटात होता, आकड्यांचा, तो तिने कधी बघितलेला नव्हता. दोन पावलांवर कपाट.

मनाशी म्हटलं, तीन आठवडे राहिलेत, आता चष्मा दिला तर आठ-दहा दिवस डोकं दुखणार, जमीन खोल गेल्यासारखी वाटणार, अभ्यासाची लय मोडणार. परीक्षा झाली की देऊ. असं काही चुकीचंही नाही ते, नव्या चष्म्याला वेळ लागतोच, तुम्हालाही लागेल, सांगून ठेवतो. पण खरं सांगू का? ते कारण मला नंतर सुचलं. आधी काय आलं मनात — की हिला चष्मा निघाला तर हिला कळणार ओळ का घसरायची ते. मग दोन वर्षं जे मी बोललो, ते धांदरट, ती पट्टी, त्या सगळ्याचं काय? पोर वर बघून विचारेल, बाबा, तुम्हाला तर डोळ्यांतलं कळतं ना? तर ते नको म्हणून. नुसतं तेवढं नको म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढलं. घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, लक्ष नाही तुझ्या मुलीचं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नाही लागला नंबर. म्हणजे यादीत, यादीतला नंबर. उत्तरपत्रिकेची प्रत आणि बरोबर उत्तरांची यादी देतात ते, मी ती इथे काउंटरवर ठेवून पट्टी लावून बघितली. चाळीस प्रश्नांपर्यंत सगळं जागच्या जागी. एकेचाळीसपासून एक ओळ खाली, थेट शेवटपर्यंत. पट्टी एक ओळ वर सरकवली, की जवळजवळ सगळं बरोबर. यादीत पहिल्या दहात आली असती हो. मी ती प्रत घडी करून खिशात घातली आणि घरी जाऊन काय म्हटलं? म्हटलं, बघ, मी सांगत होतो. तिने मान खाली घातली. महिन्याभराने चष्मा दिला. म्हटलं, या वयात अचानक वाढतो नंबर. तिने तो घातला, दारात उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, त्या कुलूपवाल्याच्या पाटीवर खाली फोन नंबर पण आहे? आठ वर्षं समोर होती ती पाटी. मी म्हटलं, हो, हल्लीच टाकलाय.

झालं, काढा ती फ्रेम. पाऊण नंबर वाढलाय, घाबरण्यासारखं काही नाही. बसा अजून दोन मिनिटं, मी लिहून घेतो. तुमच्या मुलाला आणा इथे. उद्याच आणा, पैसे नको मला, फक्त आणा. आणि आकड्यांच्या तक्त्यावर बसवू, अक्षरांच्या नाही. आमचीचं? तिला अजून एकदा बसता येतं परीक्षेला. एक वर्ष जास्त वय चालतं त्यांना, एकदाच, म्हणजे ही शेवटची संधी. अर्ज संगणकावर भरायचा, आज पाच वाजता बंद होतोय, सगळं भरून ठेवलंय मी, फक्त पाठवायचं बटण दाबायचं. पण ती नाही म्हणते. महिनाभर नाहीच म्हणतेय. म्हणते, बाबा, माझं लक्षच नसतं, मी पुन्हा तसंच करीन, कशाला. आता शाळेतून येईल आणि काय ते शेवटचं सांगेल. मला तिला एवढंच सांगायचंय, की तुझं लक्ष होतं. एका वाक्याचं काम आहे. तोंड उघडतो आणि भलतंच निघतं, जेवलीस का, छत्री घेतलीस का.

आलीच ती. तो निळ्या दप्तरांचा घोळका रस्ता ओलांडतोय ना, त्यातली ती मागची, चष्मा लावलेली. नका उठू. बसा हो, बसाच तुम्ही, कुणी समोर असलं तर जमेल मला कदाचित.

ये गं. दप्तर ठेव खाली. हे काका, यांचा मुलगा पण बसतोय परीक्षेला. हो, तीच. बरं, काय ठरवलंस? पाचला बंद होतंय ते. नाही? नक्की नाही? हे बघ, इकडे बघ जरा माझ्याकडे, मला तुला एक सांगायचंय — तो रविवार आठवतो का, मी तुला त्या खुर्चीत बसवलं होतं, तेव्हा मी दिवा — काय? सॉरी कसलं? अगं, कोण म्हणालं दोन वर्षं वाया घालवलीस माझी? मी म्हणालो? कधी? असेन म्हणालो. रडू नको. काका बघतायत ना, रडू नको. बरं. बरं, नको बसू परीक्षेला. झालं ते झालं. असू दे गं. मी काही मनात ठेवलेलं नाही.

तुम्ही का उभे राहिलात? झालं तुमचं. परवा या चष्मा न्यायला, दुपारनंतर. नाही साहेब, काही बोलू नका. दार ओढून घ्या जाताना.