नखावरची पक्की शाई

हो, घातले हातमोजे! मार्च महिना लागला, ऊन मी म्हनून राह्यलं, आन् हा जिनदास कापडवाला हातमोजे घालून मत द्याले निंगाला... पाहून घ्या! हसून घ्या! सकाळपासून इचारनारे तुमी चौथे. "काहून जी जिनदासभाऊ, हातायलेच थंडी वाजून राह्यली का?" नाई बाप्पा, थंडी नाई वाजून राह्यली. लाज वाजून राह्यली!

बसा असे गादीवर, सांगतो. मागच्या निवडनुकीची गोष्ट हाये, बावन सालची. आता सत्तावन लागलं, पाच वर्सं झाले, तरी आठवलं का कान गरम होतात. तशी पाह्यली तं गोष्ट नखाएवढी... पन लाज आंगभर!

आता मले सांगा, मानसाले दहा नखं असतात, तो जनमभर कवा पाह्यते का त्यायच्याकडं? वाढले का कापले, कापले का फेकले. मीही तसाच होतो. मंग एक दिवस आंगठ्याच्या नखावर बारीक बारीक खड्डे दिसले. शिंप्याच्या बोटातलं टोपन पाह्यलं ना तुमी, सुई ढकलाचं? तसे! म्हनलं, असन काई. मंग नख पिवळं पडलं, मंग जाड झालं, मंग खालून सुटलं, अन् खाली तेलाचा थेंब सांडावा तसा तपकिरी डाग... एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं, वर्सादोन वर्सात नऊ बोटं गेले! कोपरावर चट्टे आले, त्याचा कोंडा काया कोटावर पडे, सकाळी उठलं का बोटं आखडेल, धोतराचा काष्टा खोसता ये ना... अन् उपाय तं इचारूच नोका! निंबू चोळलं, एरंडीचं तेल लावलं, हळद लावली, तं नखं होते त्याच्याऊन पिवळे झाले. दहातलं एकच वाचलं. हे उजव्या हाताची करंगळी. मी इले इतकं जपो, इतकं जपो, का एकुलत्या एक लेकीले कोनी जपत नसन.

अकोल्याच्या डाक्तरले दाखवलं. त्यायनं चस्मा वर केला, खाली केला, म्हनले, "जिनदासजी, हा सोरायसिस." मी म्हनलं, हे काय रोगाचं नाव झालं का जी? हे तं मोटारीच्या रस्त्यावरलं गाव वाटते! ते म्हनले, "हसू नका. हा लागट नाही. कोणाला तुमच्यापासून होणार नाही. हा बाहेरून येत नाही, आतूनच निघतो, आपलंच अंग आपल्यावर उलटल्यासारखं." म्हनजे पाहा! मी आयुष्यात कोनाशी भांडलो नाई, गिऱ्हाइकाशी नाई, भावाशी नाई, आन् माहंच आंग माह्याशी भांडून राह्यलं! समजोता तरी कोनाशी करू?

लागट नाई हे डाक्तरले माईत, मले माईत, माह्या बायकोले माईत. लोकायले कोन सांगन? अन् मी सांगतलं तं लोक म्हनतीन, चोराच्या मनात चांदनं... जाऊ द्या. मी हात लपवाले लागलो. दुकानात रेशमी पातळ उलगडाले गेलो का नख अडके, अन् सर्रकन धागा निंगे. म्हनून मी गिऱ्हाइकालेच म्हनो, "बाई, तुमीच उलगडा, तुमीच हात लावून पाहा!" तं गावात काय नाव झालं माईत हाये? "जिनदासचं दुकान लय सचोटीचं, मानूस मालाले हातही लावत नाई!" आता बोला! मंदिरात मात्र सचोटी नाई चालली. अभिषेकाले माही पाळी आली का मी म्हनो, "आज कंबर धरली." देवासमोर असे हात कसे न्यावं जी? मूर्तीवर पानी घालतानी सगळे जन हातच पाहतात. चार वर्सं मी मागं खांबाले टेकून उभा राह्यलो. लोक म्हनत, जिनदासची कंबर गेली. कंबर चांगली होती, मानूस गेला होता.

अशात पोरीचं जमलं. माही पानाबाई. ज्ञानचंदजी म्हनून हायेत ना, ज्यायचं किरान्याचं दुकान हाये, ते तवा रिठदहून नवेनवेच आले होते कारंज्याले. त्यायच्या पोरासाठी पोरीले पाहाले आले. मानसं चांगले, पोरगा हुशार, पोरीच्याही मनात... आन् मी हात मांडीखाली घेतले! म्हनलं, इवायानं नखं पाह्यले का झालं! "बापाले रोग हाये, पोरीले निंगन," असं म्हनून उठून जातीन, अन् मंग सगळ्या वऱ्हाडात बोंब. थंडीचे दिवस होते, हेच हातमोजे घातले. फराळ आला. हातमोजे घालून चिवडा कसा खावं? म्हनलं, "आज माहा उपास." दुसऱ्यांदा आले, "आज माहा उपास." तिसऱ्यांदा आले... इहीनबाई जतनबाईले काय म्हनते? "किती धर्माचा मानूस भेटला वो तुमाले!" जतनबाई म्हनजे माही बायको. तिनं मान डोलावली अन् आत जाऊन डोये पुसले. मी खोटं बोलो अन् पुन्य मले भेटे... सांगतो ना, गोष्ट नखाएवढी, पन लाज आंगभर!

साखरपुडा ठरला ऐतवारचा, अन् त्याच्या चार दिवस आंगोदर आली निवडनूक! पयलीच. मराठी शायेत, पोरायच्या वर्गात मतदान. दवंडी झाली का मत देल्ल्यावर बोटाले शाई लावतीन, नखापाशी, अन् ती पक्की शाई, जानार नाई. नखापाशी! सगळ्या आंगात सरकारले दुसरी जागा नाई भेटली? कपाळाले लावा! गालाले लावा! म्हनलं, मतच नाई देत. तं जतनबाई म्हने, "मी तं देनार. तुमी नाई आले तं लोक इचारतीन काहून नाई आले. मंग?" मंग काय, गेलो. सकाळी सकाळी गेलो, गर्दीच्या आंगोदर. ठरवलं होतं का करंगळीच पुढं कराची, माही एकुलती एक!

आत गेलो तं काय? एका उमेदवाराचा मानूस म्हनून, हातात याद्या घेऊन, कानाले पेन्सिल लावून, मतदार खरा का खोटा ते पाहाले बसले कोन? ज्ञानचंदजी! माहे इवाई! मले पाहून हासले. मी हासलो का रडलो, आठवत नाई.

मुख्य साहेब अकोल्याकडचे कोनी हेडमास्तर होते, आवाज सगळा वर्गातला. "डाव्या हाताची तर्जनी!" मी उजव्या हाताचा हातमोजा काढला अन् करंगळी पुढं केली. "डावा हात म्हटलं मी!" म्हनलं, साहेब, हेच घ्या ना, चांगली हाये. "चांगली आहे म्हणजे? डावीला काय झालंय?" काई नाई. "मग दाखवा!" साहेब, थंडी हाये. "दाखवा म्हणतो ना!" अन् काढला जी हातमोजा, काय करता! साहेबानं बोट धरलं, डोयाशी नेलं, अन् असे वरडले का बाहेरच्या रांगेले ऐकू गेलं, "खरडलंय! आधी मत देऊन शाई खरडून आलाय हा माणूस! डागसुद्धा राहिलाय खाली!"

आता इथं, तुमाले सांगतो, मानसानं काय करावं? सांगावं का साहेब, रोग हाये. अर्ध्या मिनिटाचं काम. पन तीन पावलावर ज्ञानचंदजी! कानाची पेन्सिल हातात घेऊन पाहून राह्यले! माह्या डोक्यात एकच, का चोराच्या पोरीले एकादवेळा पोरगा भेटन, रोग्याच्या पोरीले नाई भेटत. अन् मी म्हनलं... अजून मले खरं नाई वाटत, पन म्हनलं, "हो साहेब. खरडली."

साहेबच दचकले. "कशानं?" सुरीनं. त्यायनं दोन्ही हात उलटे केले, सगळे नखं पाह्यले. "अरे, ही तर सगळीच खरडलेली! किती वेळा मत दिलंत?" मी मनात मोजले. "नऊ येळा, साहेब." "आणि ही करंगळी?" "ते... दहाव्यासाठी ठेवली होती."

तं साहेबानं वही पाह्यली, चस्मा पुसला, पुन्हा पाह्यली, अन् लय हळू आवाजात म्हनले, "अहो, सकाळपासून इथं मतंच सात पडलीत!"

घ्या! चोरीही धड जमली नाई! चोर म्हनून जेलात जातो म्हनलं तं तिथंही नापास! साहेब म्हनले, "मग हे आहे काय?" मागून कोनीतरी बोललं, "महारोग असन." बस. अशी रांग होती ना माह्या मागं, ती सगळी चार पावलं मागं सरकली. ज्यायले मी वीस वर्सं कापड मोजून देल्लं ते सरकले. अन् खरं सांगू? मीही सोताच्या हातापासून सरकाले पाह्यलं. त्याची मले सगळ्यात जास्त लाज वाटते. ज्याले खरंच तो रोग असते तो मानूस नसते का? पन तवा हे नाई सुचलं जी, तवा फकत वाटलं का जमीन फाटावी.

अन् तवड्यात बायायच्या रांगेतून आवाज आला, "कोन बोललं? कोनाच्या तोंडून निंगालं?" जतनबाई! डोक्यावरचा पदर सुटेल, भान नाई, थेट टेबलापाशी. "बावीस वर्सं झाले यायच्या ताटाले ताट लावून जेवतो मी! हे पाहा माहे नखं, मोजा! लागाचं असतं तं मले नसतं लागलं? डाक्तर सांगते लागट नाई, अन् हे सांगतात म्या चोरी केली! पोरीच्या पायी मानूस चोर व्हाले निंगाला, अन् तुमी सरकून राह्यले?" साहेब घाबरले. म्हनले, "बाई, बाई... हे आपले कोण? पतीचं नाव?" अन् तिनं, जिनं लग्नापासून उखान्याबिगर माहं नाव घेतलं नाई, जे मले "अवो, ऐकलं का" म्हनून बलावते, तिनं भरल्या शायेत ठनकावून सांगतलं, "जिनदास!" नुसतं! पुढं जी नाई, मागं उखाना नाई! लोकायले माहे नखं पाहून नाई धक्का बसला, तेवढा माहं नाव ऐकून बसला!

मंग ज्ञानचंदजी उठले. म्हनलं, झालं. आता म्हनतीन, साखरपुडा राहू द्या. ते आले, माहा हात हातात घेतला... अन् मोजाले लागले! "एक, दोन, तीन, चार, पाच..." दुसरा घेतला, "पाच! अरे, दहाही हायेत की जी!" म्हनलं, म्हनजे? तं म्हनतात कसे, "जिनदासजी, आमच्या घरी समजून हाये का तुमाले बोटंच नाईत! जिनिंगच्या मशिनीत गेले असतीन, अन् तुमी हातमोज्यात कापूस भरून घालत असान! इचारावं कसं, तुमाले वाईट वाटन. घरात बसून आमी बोललो, का पोरगी सोन्यासारखी हाये, बापाले बोटं नसले तं नसले!"

ऐका! मले बिनबोटाचा समजून ज्या मानसानं पोरगा देल्ला, त्याले मी नख दाखवाले भेलो! माहं तं डोकंच खाली गेलं. एवढी लाज मले त्या रोगानं नाई आनली, जेवढी त्या भल्या मानसानं आनली. गोष्ट नखाएवढी, बाप्पा... पन लाज आंगभर!

साहेबानं शाई लावली. लोकायले रेघ लावली, मले खड्डे भरले! पुरं नख निळंभोर. जतनबाई म्हने, "पयल्यांदा चांगलं दिसून राह्यलं." पन सुटेलच नख ते, शनवारी आंघोळीले बसलो तं आलं हातात. दुसऱ्या दिवशी साखरपुडा! सगळे इवाई, पावने एकमेकायले शाईचे बोटं दाखवून राह्यले, अन् माह्या बोटावर काईच नाई. ज्ञानचंदजी वरडले, "काहून जी इवाई, खरंच खरडली का?" सगळा मांडव हासला. मीही हासलो, अन् त्या दिवशी पयल्यांदा त्यायच्यासमोर जेवलो.

ते नख जतनबाईनं कुंकवाच्या डबीत ठेवलं हाये. घरात नख ठेवू नाई म्हनतात, भांडनं होतात. ते म्हने, "असू द्या. पुन्हा निवडनूक आली तं मी नाई नाव घेनार, हे दाखवजा." घेतली डबी खिशात, हे पाहा. आतापर्यंत निळंच हाये, सरकारची शाई पक्की.

तं हातमोजे काहून, म्हनता? सगळ्या गावाले माईत हाये, इवायाले माईत हाये, साहेबाले डबी दाखवनार हावो, मंग काहून? काय सांगू जी... नख गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं, तेही तसंच. लाज मात्र पयलीच हाये, ते काई गळून पडली नाई. चला, शाया उघडली असन... जरा हा डाव्या हाताचा वढून देता का? उजवा राहू द्या. एकदम दोन्ही नाई निंगत.