भिंत झाली तरी गुरुवार

— व्हय, हंडा तुमचाच, काकू. तुमचे राघवेंद्र म्हणाले, आईनं शाळेला दान दिलाय. तुम्हाला ठाऊकच नव्हतं? असू द्या, पुण्य तुमच्याच नावावर लागलं. बसा ना, तुळजापूरची गाडी यायला अवकाश आहे — मी शारदा, इथली मास्तरीण. मुलाचं श्रमदान बघायला आलात, तर हीच ती भिंत. आपला मुलूख हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तेव्हापासून श्रमदानाची हवाच आहे — त्यांच्या कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं, शाळेसाठी जो राबंल त्याची गुरुवारी दुपारची हजेरी कचेरीत न जाताच लागंल. पहिल्या गुरुवारी अख्खी कचेरी आली — हेडक्लार्क नारायणराव तर फोटोपुरता घमेल्याला हात लावून गेले. पुढच्या खेपेला निम्मे, मग उरले एकटे तुमचे चिरंजीव. दगड उचलंना, चिखल कालवला तर निम्मा धोतरावर — पोरी लई हसायच्या. मी? मी पण हसले. कधीची हसलेच नव्हते — म्हणजे आमचे हे गेल्यापासून. ते जाऊ द्या.

तर भिंत वाकडी आली, म्हणून मी पाडायला लावली. दोनदा. खरं सांगू, दुसऱ्यांदा काही तेवढी वाकडी नव्हती — पण भिंत झाली की गुरुवार संपले असते ना. शेवटी संक्रांतीला झालीच, कचेरीची सवलतही तिथंच संपली — संक्रांत म्हणलं का मी? आता चैत्र लागला, व्हय. मग ते अजून कसे येतात — रजा टाकून येतात, काकू. स्वतःची रजा. अंगणात बसून पोरींना गणितं शिकवतात. मी आत, ते बाहेर — पाहिजे तर पोरींना विचारा. पाणी तेवढं मी नेऊन देते. चहा पण. मी म्हणलं त्यांना, "मी विधवा बाई, लोक बोलतील, तुम्ही येत जाऊ नका." तर म्हणाले, "आईला विचारतो." विचारलं न्हाई ना अजून? भितात तुम्हाला. मी पण भिते — म्हणून तर एवढं बोलायलेय.

गाडी आली बघा. उठा, ती जास्त थांबत न्हाई — काकू? — गाडी गेली की हो. आता संध्याकाळपर्यंत दुसरी न्हाई — पदर कशाला खोचताय? चूल? चूल मागच्या बाजूला आहे. व्हय, गुरुवारी उपाशीच येतात ते — आजपण येतीलच आता.

— ए पोरींनो, खिडकीतून काय बघताय? आज गणितं न्हाईत, सुटली शाळा. जा घरी.