बाबांची इस्त्री

खरं तर हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं. माझे बाबा मोबाइलवर फुटबॉलच्या मॅचवर पैसे लावतात आणि भाव बदलला की ती पैज शेअरसारखी विकतात. हरले की कपड्यांना इस्त्री करत बसतात. आई मैत्रिणींना कौतुकाने सांगते, "आमच्या ह्यांना घरकामाची भारी हौस!"

वर्ल्ड कपआधीच्या एका सराव सामन्याला बाबा म्हणाले, "टीव्हीवर गोल उशिरा दिसतो. तू गॅलरीत उभी राहा, समोरच्या स्टेडियममधून ओरडा आला की सांग, भाव बदलायच्या आत पैसे लावतो."

ओरडा आला. मी "गोल!" म्हणाले. त्यांनी दिवाळीला नाशिकला जायच्या तिकिटांचे सगळे पैसे लावले. चेंडू नुसता खांबाला लागला होता.

"सॉरी, बाबा."

"तुझी काय चूक? खलास, आता बंद. तुझी शपथ."

त्या दिवशी त्यांनी माझ्या मोज्यांनाही इस्त्री केली. आईला सांगितलं, रजा मिळाली नाही. मी गप्प बसले. पण महिना झाला, त्यांनी इस्त्रीला हात लावलेला नाही, म्हणून मला वाटतं की आता ते खरंच...

"सई, आत ये गं! बघ, बाबा पडदे काढून इस्त्री करतायत!"