खिळ्यांचे बूट

...आणि म्हणे नियमात बसतं! बुटाखाली लोखंडी खिळे, आणि नियमात बसतं! तुम्हाला सांगतो, मी न्हावी माणूस, वीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतोय, कधी कुणाला ओरखडा नाही, पण शनिवारी लेकीच्या शाळेचा सॉफ्टबॉलचा सामना बघायला गेलो आणि लोखंडाला पहिल्यांदा भ्यालो! का? समोरच्या संघाच्या पोरी बाकावर ओळीनं बसून फरशीवर बूट आपटतायत. खण्ण! खण्ण! त्यात एका ताडमाड पोरीनं कानस काढली, अहो, कानस! आणि खिळे घासत माझ्या लेकीला म्हणते कशी, "सेकंड बेसवर तूच ना गं? पाय जप हं!"

मी धावत पंचांकडं. "साहेब, हे काय चाललंय?" ते चष्मा पुसत, "खिळे नियमात बसतात." "आणि धमकी?" "मी ऐकली नाही." झालं!

लेकीला म्हटलं, "बाळा, ती आली की सरळ बाजूला हो." तर म्हणते, "बाबा, तुम्ही जाऊन बसा बरं!"

शेवटचा डाव. एका धावेनं आम्ही पुढं. आणि तीच कानसवाली सुटली माझी लेक राखत होती त्या सेकंड बेसकडं, धुरळा उडवत, घसरली ती पाय वर करून... मी डोळेच मिटले. उघडले तर लेक आडवी, मोजा लालभडक, आणि चेंडू? हातात घट्ट! पंच ओरडले, "आउट!"

जिंकलो, पण जिंकल्याचं भान कुणाला? पायात चपला, तरी कुंपणावरून उडी मारली की हो मी, या वयात! पोचतो तर कानसवालीच ढसाढसा रडतेय. "सर म्हणाले नुसतं घाबरव... मला खरंच लावायचं नव्हतं गं!" आणि माझी लेक, नडगीतून रक्त वाहतंय, तरी तिचीच पाठ थोपटतेय. "अगं, मीपण जाम घाबरले होते. रडू नको."

आता सांगा, मी रागवायचं कुणावर? गेलो तिच्या सरांकडं. "काय हो, लेकरांना असलं शिकवता?" तर शिट्टी फिरवत म्हणाले, "नियमात बसतं."

मग मात्र मी जो आवाज चढवला! तेवढ्यात पंच आले वही घेऊन. "प्रेक्षकानं मैदानात उतरणं नियमात बसत नाही." दोन सामने बंदी!

लेकीला सात टाके, सर मोकळे, खिळे मोकळे... आणि अख्ख्या मैदानात बंदी कुणावर? तर चपला घालून आलेल्यावर!