उमादेवीचा निकाल आधी धर्माबादला गेला

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते डॉक्टर येरोळकर साहेब, वहिनीसाहेब, या केंद्रातले सर्व संशोधक आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

लातूरच्या अशा सभागृहात बोलायची मला सवय नाही. मी गुरुबसप्पा. देगलूर तालुक्यातल्या एका गावात मठाची पूजा करतो, किराणा दुकान चालवतो. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही.

आमच्याकडे काही घरांतली मुलं शाळेत जाईपर्यंत चांगली पळतात. मग उंबऱ्याला अडखळू लागतात आणि पुढे त्यांना उचलून न्यावं लागतं. माझी बहीण कमलम्मा, तिचा धाकटा नागप्पा त्यांतलाच. आम्ही या दुखण्याला देवाचा कोप म्हणायचो.

साहेब आले तो टँकरचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या पारावर विषय दोनच: टँकर कधी येणार, आणि उदगीरचा नवा जिल्हा झाला तर आपण नांदेडातच राहणार की तिकडे जाणार. त्यात साहेबांनी तपासायला रक्त मागितलं. गावातली कस्तुराबाई म्हणाली, "टँकरवाला पानी देईना, अन् ह्यो डाक्टर रगत मागून राहिला. अंगात हाय का तेवढं?" साहेबही मनापासून हसले होते. आठवतं ना साहेब?

त्यांनी समजावलंही किती सोपं. म्हणाले, आपल्या पेशीत एक शिंपी असतो. नको ती चिंधी कापतो, कामाचे तुकडे जोडतो, मग अंगरखा होतो. तुमच्या घरांत कापड चांगलं, शिंपी चांगला. फक्त खडूची एक खूण चुकलीय. त्यामुळे एक बाहीच चिंध्यांत जाते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तीच चूक आली तर मूल आजारी. एकाच बाजूनं आली तर त्या माणसाला काही होत नाही.

तरीही लोक बिचकत होते. तेव्हा मी साहेबांना मठात नेलं. त्यांनी बेलपान उचलून शब्द दिला, "ज्याचं रक्त, निकाल त्यालाच. दुसऱ्या कुणाला नाही, गावाचं नावही नाही." त्या शब्दावर लोकांनी घागरी रांगेत तशाच ठेवल्या आणि मठात येऊन हात पुढे केले.

आमच्यात मामाची मुलगी भाच्याला द्यायची रीत आहे. माझी उमादेवी पाळण्यात होती तेव्हापासून कमलम्माच्या थोरल्याला, बसवंतला, बोललेली होती. साहेब म्हणाले, ही रीतच चूक एकत्र आणते, थांबवा. मी थांबवलं. कमलम्मा दारात उभी राहून म्हणाली, "अण्णा, धाकट्याच्या पायापायी थोरल्यालाबी नाकारलास व्हय? हे डाक्टर उद्या जातील. म्या कुठं जाऊ?" त्या वर्षापासून ती पंचमीला माहेरी येत नाही.

मग उमादेवीसाठी धर्माबादचं स्थळ आलं. पार बाहेरचं, नात्यागोत्याचा संबंध नाही. सुपारी फुटली. आणि एक दिवस मुलाचे वडील आले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, "गुरुबसप्पा, पोरीत दोष हाय हे लपवायचं नव्हतं. तुमच्याच येरोळकर डाक्टरनं सांगितलं. माझ्या वर्गातला हाय त्यो."

आम्हाला तोवर काहीच माहीत नव्हतं. माझ्या मुलीच्या रक्ताचा निकाल तिच्याआधी धर्माबादला पोहोचला. घरातली सोयरीक मी साहेबांच्या सांगण्यावरून मोडली, बाहेरची साहेबांच्या सांगण्यानं मोडली.

मी फोन केला. साहेब म्हणाले, "जुना मित्र आहे हो. विचारलं त्यानं. खोटं कसं सांगू?"

खोटं सांगा असं कोण म्हणालं होतं? "मुलीलाच विचारा" एवढं म्हणायला काय लागत होतं? आणि अर्धंच का सांगितलं? तिच्यात चूक एकाच बाजूची आहे, तिला काही होणार नाही, त्या घरात तिच्या लेकरांनाही बहुतेक धोका नाही, हे मित्राला का नाही सांगितलं? अध्यक्ष महोदय, दोन मिनिटं द्या, संपवतो.

लग्न मोडल्याचं दुःख आम्ही गिळलं असतं. पण उमादेवीनं त्या दिवशी मला विचारलं, "आप्पा, म्हंजी मी पन नागप्पावानी पडणार का?" मी समजावलं, तिच्या आईनं समजावलं. ती म्हणते, तुम्ही माझं मन राखायला बोलता. धडधाकट पोरगी आहे, पण मठाची पायरी चढताना भिंत धरते. मी रोज पूजेला बसतो आणि डोळे मिटले की तो भिंतीवरचा हात दिसतो.

साहेबांचं काम मोठं आहे. त्यांच्यामुळे आमच्या दुखण्याचं कारण कळलं, पुढे औषधही निघेल. निघो, अशी प्रार्थना करतो. नवी मंडळी पुन्हा रक्त मागायला येणार आहेत. लोक मला विचारतील, द्यायचं का? मी काय सांगू?

आयोजकांनी मला बोलावलं, ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात जड बोललो. कुठे मर्यादा सुटली असेल तर वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

गावानं साहेबांसाठी शाल पाठवलीय, ती ही माझ्या हातात. साहेब, पुण्याला जाण्याआधी आमच्या घरी येऊन उमादेवीला तुमच्या तोंडानं सांगाल का, की तुला काही होणार नाही? तुम्ही उत्तर द्या, मग मी शाल घालतो. तोवर उभा आहे.