एकेरी टोला

नाही, नीलेशदादा, ती काढा आधी — ती तयार आवाजांची सीडी हो, तुम्ही मुंबईहून आणलेली. वर ‘हजार ढोल’ लिहिलंय आणि त्यातला एकही कधी पालखीपुढे उभा राहिलेला नाही, सगळे भांगड्याचे. तुमच्या वाडीतली आई शिमग्यात पालखीतून निघणार, आणि तुमच्या गाण्यात तिच्यापुढे भांगडा — ऐकलंत ना स्वतः? टक टक टक टक, एकच टोला उचलून परत परत चिकटवलेला, तहसीलबाहेर टायपिंगवाले बसतात तसा. माणसाचा हात असा पडतो का? नाही पडत. — काय? हर्षद? हर्षद कंपनीत गेलाय, आणि घरात असता तरी उपयोग नव्हता. कॉम्प्युटर माझ्या या भावाच्या पगारातून आला, एवढाच त्याचा या खोलीशी संबंध. तुम्ही कव्हरवर ‘ध्वनिमुद्रण : हर्षद’ छापायला निघालात म्हणून सांगते — त्याला मिडी, ही कीबोर्डची कॉम्प्युटरला जोडणी, म्हणजे एमआयडीसीतली एखादी कंपनी वाटते. तुम्हालाही वाटली होती. मी हसले, बाबांचे पाहुणे म्हणून. हे सगळं मी केलंय, आणि कव्हरवर अमिता हवं. बाकी मला काही नको, फक्त —

कोण? — कुकर. कुकर आहे. बसा.

तर हा माझा ऐका. मघाशी डोळे मिटून ऐकलात आणि म्हणालात, ‘ह्यो भागोजीकाकांचाच हात हाय.’ वाडीच्या ढोलवाल्याचा हात ओळखणारे मोठे जाणकार. कीबोर्डची ही पट्टी हळू दाबली की हळू मारलेला टोला, जोरात दाबली की जोरात मारलेला — नुसता आवाज लहानमोठा केलेला नव्हे, प्रत्येक टोला वेगळा मारून वेगळा टिपलेला. मध्यावरचा, कडेचा, दबका, मोकळा, आणि प्रत्येकाचे चारपाच, म्हणजे कॉम्प्युटर आलटूनपालटून वाजवतो आणि तुमच्यासारख्यांना हात ऐकू येतो. ढोल कुठून मिळाला काय विचारता? तुमच्याच पालखीचा. दिवाळीनंतर चामड्याचं पान बदलायला महाडला आणला होता ना, पोलादपूरची एसटी चुकली तेव्हा भागोजीकाकांनी आमच्याकडे ठेवला. म्हटलं, काका, एकेक टोला द्या — मारायचा, थांबायचं, घुमणं विरेपर्यंत हात वर. इतकी साधी गोष्ट. तर काका म्हणतात, ‘एकलाच कसा मारू गो? एकेरी टोला वाडीत माणूस गेल्यावर पडतो.’ आणि पहिल्याच्या पाठीला दुसरा. हाताने थांबवलं, तरी दुसरा. पहिल्याच्या घुमण्यात दुसरा मिसळलेला, कापणार कुठे? त्यांचा एक तुकडा कामाला आला नाही. चहा पिऊन गेले, ढोल इथेच राहिला. समजुती एकेकाच्या, दुसरं काय. मग मी खिडक्या लावल्या, दाराला गाद्या उभ्या केल्या, आणि एकेरी — मारायचा, श्वास धरायचा, परत — संध्याकाळपर्यंत मनगट असं सुजलं की वेणी घालता येईना. तरी बाहेर गेलाच आवाज. तुमच्या वाडीच्या आनंदीबाई शेजारी राहतात ना, त्या दारात उभ्या, ‘कोण गेलं गो?’ हातातली काठीच पडली माझ्या. म्हटलं, टीव्ही लागलाय, आनंदीबाई, टीव्ही —

काय झालं?

कोणाचं मनगट म्हणजे?

— माझं. माझंच. असे काय बघताय? बाईने त्या ढोलाला हात लावायचा नाही, माहीत आहे मला, शिमग्यात आम्हा मुलींना कुठे उभं करतात तेही माहीत आहे. ढोल वर वाडीत गेला, त्याची पूजा झाली, त्याने कोणाला काही सांगितलं नाही. सांगाल तर तुम्ही. मानकऱ्यांचे चिरंजीव. मग बाबांना, मूळचे वाडीचेच ते, जाब द्यायला देवळापुढे उभं करतील, आणि बाबा खाली मान घालून — असो. पण मघाशी शर्टाची बाही सरकवून अंगावरचा काटा दाखवलात मला, तो कोणाच्या हाताने आला होता? खाली बघू नका, सांगा.

काय म्हणालात? परत म्हणा. — भागोजीकाकांचं नाव घालू, कोणाला कळायचं नाही. अच्छा. म्हणजे आवाज चालेल. आवाजाला विटाळ नाही, नावाला आहे. मघाशी हर्षद होता, आता भागोजी, उद्या रस्त्यावरचा कोणीही चालेल, शर्ट घातलेला असला म्हणजे झालं. फार उपकार. इकडे बघा, स्क्रीनकडे — ही ढोलाची ओळ, ही मी काढून टाकली. आता उरला तुमचा आवाज, एकटा. ऐका की. कसा वाटतोय? माझा चेहरा कशाला बघता, गाणं ऐका. हेच घेऊन जा, आणि वर ज्याचं हवं त्याचं नाव छापा.

उठताय? उठा. वाडीत काय सांगायचं ते सांगा.

आणि जाताना दार हळू लावा. मी दचकते.