काळीभोर माती

एडिनबराच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी कानावर पडलं, तशी ऋजुतानं हातातलं पुस्तक मिटलं. सासू-सून होत्या.

“तीनदा पेरली मेथी. तिन्ही वेळा पिवळी पडली.”

“आई, पाइनच्या जंगलातली माती कुंडीत भरायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

“काळीभोर होती. काळी माती कधी दगा देत नाही.”

“तो काळा रंग कुजलेल्या पाल्याचा. खाली राखेसारखी आहे ती. इथल्या पावसानं सगळा कस धुऊन नेलाय, आंबट झालीये.”

“आंबट? मग उपाय काय?”

“चुना घालतात.”

“आधी बोलायचंस ना. माझ्या पानाच्या डब्यात आहे की.”

ऋजुताचा स्टॉप मागे पडला.

“आई, रविवारी फ्लाइट आहे तुमची.”

“पुढे ढकल. मेथीला महिना तरी लागतो.”